धस्समावशी आणि हरवलेली सुई

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, हैदराबादेत आजवर होऊन गेलेल्या भित्र्या माणसांत पहिला क्रमांक अंबरपेठेतल्या आमच्या धस्समावशींचा आहे. दुसऱ्या क्रमांकावर कुणीही नाही.

कुकरची शिट्टी झाली की त्या छातीला हात लावून म्हणत, "धस्स झालं गं." पोस्टमन आला की धस्स. नाही आला तरी धस्स. खरं नाव रेशनकार्डावर असेल. गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी लग्न होऊन पुण्याहून तिथे गेले, तेव्हा मी माप ओलांडायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "गॅस नीट बंद करता येतो ना गं तुला?"

दिवस मोठे विचित्र होते. नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ उगवत होते, घरोघरी केबल येत होती आणि जुने कारखाने एकेक करून बंद पडत होते. मावशींचे यजमान कामाला होते तोही बंद पडला. अशात टाय लावलेला एक एजंट गल्लीत आला आणि त्यानं परदेशातला नाताळ आमच्या ओट्यावर आणून ठेवला. जाळीच्या कापडावर रंगीत लोकरीनं बोटभर सांताक्लॉज, तारे, घंटा भरायच्या, आत कापूस ठासायचा, पाठ शिवायची आणि झाडाला टांगायला वर दोरा लावायचा. मे महिन्यात लोकर घामानं बोटांना चिकटायची आणि आम्ही बर्फाची माणसं भरत बसायचो. गल्लीतल्या निम्म्या चुली त्यावर पेटत होत्या. मावशी आमच्या मुकादम, कारण त्यांचा टाका सर्वांत देखणा.

सांताक्लॉजचे डोळे त्या अगदी शेवटी भरत. "डोळे आले की तो बघायला लागतो," असं म्हणत लगेच त्याला पालथा घालत. खोलीभर पालथे म्हातारे. एकदा मी गुपचूप सगळे उताणे करून ठेवले. मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या आणि तशाच, पाठमोरं न होता, ट्रेसकट बाहेर गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र वाटीभर मिर्चीचं सालन पाठवलं. भ्यायच्या कामातून त्यांना रागवायला सवड मिळत नसे.

एका संध्याकाळी टायवाला माल न्यायला आला. खोकी बांधलेली, रिक्षा दारात. आणि सुया डबीत भरताना मावशींना दिसलं की पाठ शिवायची एक टोकदार सुई नाही. आम्ही चटया झटकल्या, पदर झटकले, लादीवर हात फिरवले. आता ती एकाच ठिकाणी असणार, कुठल्यातरी कापसाच्या पोटात.

मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. दिवेलागणीनंतर सुईचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा कडक नियम.

"थांबा. ती नाहीये."

"कौन नहीं है, अम्मा?"

मावशींनी चिमटीनं हवेत एक टाका घालून दाखवला.

टायवाला हसला. "एक सुई के लिए काइकू डरते? उधर कौन देखता? नामपल्ली टेसन से आज पार्सल नहीं गया तो आर्डर कॅन्सल. फिर काम दिलसुखनगरवालियों को जाता, समझ लेव."

मागून शेजारची यशोदा कुजबुजली, "जाऊ द्या ना मावशी. काम गेलं तर खायचं काय?"

आम्ही सगळ्याच घाबरलो होतो. मावशींनी तर दाराची चौकट घट्ट धरली होती. मला वाटलं, या आता पडतात.

"लेकरू तोंडात घालतं हो," त्या म्हणाल्या. "हाताला लागेल ते तोंडात घालतं. तिकडचं असलं म्हणून काय झालं?"

त्या खोक्यापाशी बसल्या आणि सुतळी सोडली. एकेक खेळणं उचलून, डोळे घट्ट मिटून, गालावर दाबायला लागल्या. बोटांना घट्टे पडले होते, त्यांना टोचलेलं कळत नसे, गालाला कळतं. घरात कापसाचं खेळणं आलं की मी आजही आधी गालाला लावून बघते. मुलं हसतात. मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली.

टायवाल्यानं रिक्षावाल्याला हात केला, "जाव, कल आव," टाय खांद्यावरून मागे टाकला आणि आमच्यात मांडी घालून बसला. काय दृश्य होतं. गल्लीतल्या बायका आणि हा सुटाबुटातला गृहस्थ, सगळे डोळे मिटून सांताक्लॉजना गाल लावतायत. प्रत्येक वेळी वाटायचं, आता टोचणार.

शेवटचं खोकं अर्धं झालं असताना मावशी "स्स" करून थबकल्या. एका घंटेच्या पाठीतून केसाएवढं टोक डोकावत होतं आणि त्यांच्या गालावर रक्ताचा थेंब आला होता. यशोदा पाणी आणायला धावली, मी त्यांना धरायला पुढे झाले. मावशींनी घंटा दिव्यापाशी धरली, टोक नीट निरखलं, आणि पलीकडच्या ओट्यावर ऐकू जाईल एवढ्यानं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं बाई, मलाच टोचली."