कुसुमची बी शिफ्ट

"बाई, कुसुम झोपली!"

मी शिट्टी तोंडात धरून फितीपाशी उभी होते. दोन मुली पळून झालेल्या, तिसरी जीव तोडून वळणावर आलेली, बॅटन पुढे केलेला आणि घ्यायला हातच नाही. कुसुम आपल्या जागेवर मांडी घालून, हनुवटी छातीला टेकवून गाढ झोपली होती. तिसरीनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि रडत माझ्याकडे आली.

रिले म्हणजे चौघींची मिळून एक शर्यत. लाकडी दांडा, म्हणजे बॅटन, एकीनं दुसरीच्या हातात द्यायचा. शेवटी सगळ्यात वेगवान मुलगी ठेवतात. आमची सगळ्यात वेगवान मुलगी घोरत होती.

मी तेव्हा भिलाईतल्या एका शाळेत पी. टी. टीचर होते, नागपूरहून नवीनच आलेली. पोलादाचा कारखाना अजून उभा होऊन राहिला होता. आमचं मैदान म्हणजे लाल मुरूम नुसता. मुलगी पळाली की आधी धूळ दिसायची, मागून मुलगी.

हेडमिस्ट्रेस जबलपूरच्या. त्यांनी ऑफिसात बोलावलं.

"मिस, दुर्ग की स्पोर्ट्स मीट सर पर है. निकालिए इस लड़की को."

"मैडम, पिछले हफ्ते इसने लड़कों को पीछे छोड़ा था."

"और इस हफ्ते क्या, तकिया मँगवा दूँ?"

मी गयावया करून थोडी मुदत मागितली. एवढी चांगली पळणारी मुलगी झोपेपायी हातची जायची म्हणजे काय! मला रडूच यायचं बाकी होतं.

आधी वाटलं, जंत असतील. मग वाटलं, अंगात रक्त नसेल. डिस्पेन्सरीत नेली. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा आराम करा. मी सुपेल्याच्या बाजारातून गूळ-फुटाणे आणून चारले. ते खाऊन ती अजूनच छान झोपली.

शेवटी सरळ तिलाच विचारलं. हे आधी का सुचलं नाही, देव जाणे.

"कुसुम, रात्री केव्हा झोपतेस गं?"

"बाबा आल्यावर."

"आणि बाबा केव्हा येतात?"

"बी शिफ्ट असली का लय उशिरा येतात. मंग आमी जेवतो. मंग गल्लीत प्रॅक्टिस करतो."

"रात्री? प्रॅक्टिस?"

"हो ना. बाबा टाइम लावतात. कुत्रे पन पळतात संगं."

कारखान्यात शिफ्ट तीन. ए सकाळची, बी दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत, सी रात्रभर. माणसाची शिफ्ट दर हप्त्याला बदलते. या घरात बापाबरोबर पोरीचीही बदलत होती. ए शिफ्टच्या हप्त्यात ती हरणासारखी पळायची, बी शिफ्टच्या हप्त्यात बसल्या जागी पेंगायची. मी तिकडे जंत शोधत बसले होते!

रविवारी मी तणतणत कॅम्प एकला, म्हणजे कामगारांच्या वस्तीत, तिच्या घरी गेले. वडील गणपतराव दारातल्या खाटेवर बसून दाढी करत होते. दांडगा माणूस. कारखान्यात रिगर होते. म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधायचा आणि वर बसलेल्या ऑपरेटरला खालून हातानं खुणा करायच्या. आवाज इतका असतो की ओरडून उपयोग नसतो.

"गणपतराव, लेकराला रात्री पळवता? लाज नाही वाटत?"

"बाई, बसा तर खरं."

"बसायला नाही आले मी. नऊ वाजता ही झोपली पाहिजे. नाहीतर टीममधून नाव कटणार."

त्यांनी तोंडावरचा साबण पुसला. "मंग मी पोट्टीले पाहू केव्हा? पहाटे ते तुमच्या प्रॅक्टिसले जाते, तवा मी झोपेत. तिकडूनच शाळेत. दुपारी ते येते, तवा मी ड्यूटीले. रस्त्यात क्रॉसिंग होते आमची. ते इकडून, मी तिकडून. हात करतो. हप्ताभर एवढाच बाप भेटते तिले."

मी बसले. सकाळची प्रॅक्टिस माझी होती. या माणसाचा मला एकदम फार कळवळा आला.

"मग तुम्हीच पहाटे मैदानावर या."

"बाई, बी शिफ्ट करून आलो का मध्यरात्री पडतो मी. पहाटे उठू?"

आतून कुसुमची आई म्हणाली, "लेकराले उठवता तवा काही नाही वाटत? आता सोताची पाळी आली तर लागलं बोचाले!"

निकाल तिथंच लागला.

सुरुवातीला फार हाल झाले. कुसुम नऊला अंथरुणात शिरे, पण एक डोळा दाराकडे. आईनं मग तिला सांगितलं, बाबा पहाटे मैदानावर येतील, आत्ता जागशील तर तिथं पेंगशील. पोरगी झोपली. पण गणपतराव आवाज नको म्हणून बूट हातात घेऊन अंधारात आले आणि बादलीत पाय घातला. अर्धा कॅम्प उठला. कुसुम तेवढी उठली नाही.

दोन-चार दिवसांत घडी बसली. पहाटे गणपतराव तारवटलेल्या डोळ्यांनी सायकलवर पोरीला डबलसीट घेऊन हजर. सी शिफ्टला तर परस्पर हेल्मेट घालूनच यायचे, दोन चकरा पाहायचे आणि झाडाखाली आडवे व्हायचे. पोरगी जागी, बाप झोपलेला. माझं काही म्हणणं नव्हतं.

जागे असले की मात्र हात स्वस्थ नसायचे. लांबून आवाज पोचत नाही, म्हणून त्यांनी पोरीला क्रेनच्या खुणा शिकवल्या. बोट गोल फिरवलं की वेग वाढव. तळवा खाली की सावकाश. मूठ वर की थांब, जिथं असशील तिथं. "मूठ दिसली का थांबाचंच," ते तिला बजावायचे, "नाहीतर खालचा मानूस जाते." मलाही ते सोयीचं वाटलं. माझी शिट्टी वाचली.

दुर्गच्या मीटला ते शिफ्ट बदलून आले. नेमका बी शिफ्टचा हप्ता, पण कुसुम टवटवीत. शेवटच्या टप्प्यात बॅटन तिच्या हातात आला तेव्हा आम्ही तिसऱ्या होतो. एकीला मागं टाकलं, दुसरीला टाकलं. पुढं मोकळं मैदान! मी गळा फाडून ओरडत होते. हेडमिस्ट्रेस चक्क खुर्चीवर उभ्या होत्या.

फितीपलीकडे गणपतराव. आनंदाच्या भरात त्यांनी मूठ आवळली आणि आभाळाकडे उंच केली.

कुसुम थांबली. फितीच्या दोन पावलं अलीकडे. जागच्या जागी, खांबासारखी.

दुसऱ्या शाळेची मुलगी बाजूनं गेली आणि छातीवर फीत घेऊन नाचू लागली. मग कुठं गणपतरावांनी मूठ खाली केली आणि कुसुम पुढं गेली. आमचा दुसरा नंबर.

मी रागानं लाल होऊन त्यांच्याकडे गेले. बघते तर एवढा धिप्पाड माणूस खाली मुरमात बसलेला, डोळ्यांतून पाणी.

"बाई, माह्या हातानं घालवलं. आता मी नाही येत मैदानावर."

कुसुम धापा टाकत आली. तिला नंबराचं काहीच नव्हतं. तिनं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

"कावून नाही येत? तुमी नाही आले तर मी झोपतच नाही रात्री. पाहा मंग!"

हेडमिस्ट्रेसना मराठी येत नव्हतं. तरी त्याच आधी हसल्या.

गणपतराव पुढच्या पहाटेपासून पुन्हा येऊ लागले. पुढच्या वर्षी कुसुमनं पहिला नंबर आणला. नोकरीत असेपर्यंत माझ्या मैदानावर आईबापांना कधी बंदी नव्हती. मुलांना रात्री वेळेवर झोपवायचं आणि सकाळी खुशाल पाहायला यायचं. फक्त हात खिशात ठेवायचे.