विनोदचं ओव्हरड्राइव्ह पेडल

भूतबित असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बायको दाराला लिंबू-मिरची बांधते तेव्हा मी तिची खेचतो. पण गेल्या हिवाळ्यात इथे जवळच्या कोपर गावात जे झालं... आत्ता लिहितानाही हात गार पडलेत.

मी डोंबिवली वेस्टला राहतो. नोकरी सांभाळून लग्न-हळदीत गिटार वाजवतो. माझी धाकटी बहीण रूपाली आमच्या ग्रुपमध्ये गाते, गाताना गिटारही वाजवते. तिच्या आधी तिथे माझा मित्र विनोद असायचा, टिटवाळ्याचा. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. त्याचं ओव्हरड्राइव्ह पेडल त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला दिलं. पायाने दाबायची छोटी डबी, गिटारचा आवाज फाटका, दमदार करते. त्याच्या गेनच्या, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणाऱ्या नॉबवर विनोदने नेलपॉलिशचे दोन ठिपके लावलेले. ट्यूब अ‍ॅम्प असला तर पांढरा, म्हणजे गेन कमी, कारण तो अ‍ॅम्प स्वतःच छान फाटतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला लाल, म्हणजे गेन बराच वर.

त्याची अजून एक सवय होती. गाण्याआधी गिटारची तार माइकच्या जाळीला टेकवून बघायचा. ठिणगी उडाली की समजायचं, अ‍ॅम्पमध्ये करंट उतरलाय. मग तो माइकला तोंड लावायचाच नाही. मी चिडवायचो, "झाली का पूजा?" तो म्हणायचा, "हस लेका, हस."

तर... कोपरला एका आगरी घरची हळद. दुपारचे चार वाजलेले. आमचा जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मांडवात लावला, गेन लाल ठिपक्यावर ठेवला. रूपालीने वाजवून बघितलं, तर आवाजच नाही. पेडलचा दिवाही लागेना.

"दादा, मेलंय हे. बॅटरी घातलीस ना?"

"घातली असेल गं."

तेवढ्यात नवऱ्याचे काका डोक्यावर येऊन उभे. "काय रं, कवा चालू करनार? हलद निघाली."

"तू गायला घे," मी रूपालीला म्हटलं. "पेडलचं मी बघतो."

डावा हात तारांवर तसाच ठेवून ती माइककडे वाकली. ओठ आणि माइक यात चार बोटांचं अंतर असेल. आणि ते मेलेलं पेडल केकाटलं. शिट्टी म्हणू की किंकाळी... अंगावर सर्रकन काटा आला. दिवा भडक लाल. रूपाली दचकून मागे वळली, आणि गिटारचं डोकं माइकला घासलं.

फट्ट! निळी ठिणगी उडाली, मेन स्विच पडला. अख्ख्या मांडवाची लाइट गेली. पंखे थांबले, स्पीकर गप्प झाले.

पेडलचा दिवा मात्र चालू होता.

आम्ही दोघांनी बघितलं. पाच-सहा सेकंद असेल, मग हळूहळू विझला. माझी फाटलेली, खोटं कशाला बोलू. पेडलचं झाकण उघडलं, तर बॅटरीचा खण रिकामा. केबल लावून ठेवली की बॅटरी उतरते, म्हणून आदल्या दिवशी मीच ती काढलेली. निघताना शर्टाच्या खिशात टाकलेली, तिथेच होती. अडॅप्टर तर आम्ही आणलाच नव्हता.

रूपालीला बायकांनी पाणी प्यायला घरात नेलं. मांडवाच्या वायरमनने अ‍ॅम्पचा प्लग हातात घेतला. "ही अर्थिंगची पिन कोणी कापली? ताई माइकला चिकटल्या असत्या ना जागेवर."

मी खाली वाकून पेडलचं झाकण लावत बसलो.

पिन मी कापलेली. वर्षभरापूर्वी, पक्कड घेऊन. गेन वर केला की अ‍ॅम्प घूं घूं करायचा आणि पिन काढली की घूं घूं बंद. करतात बरेच जण, मीही केलं. विनोद असता तर कानफटात मारली असती.

नंतर त्याच वायरमनला विचारलं, दिवा कसा लागला? म्हणाला, गळका करंट केबलमधून शिरला असेल. म्हटलं, मग स्विच पडल्यावर? तो वायरी गुंडाळत राहिला.

प्लगला नवीन पिन लावलीय. पेडल कपाटात आहे, हात लावायची हिंमत होत नाही. रूपाली म्हणते, "खाडीत टाक ते, त्याने मला मारलंच होतं." मी मान हलवतो आणि विषय बदलतो.

हल्ली ती गाण्याआधी तार माइकला मीच टेकवून बघतो. परवा दिवा स्टेशनजवळच्या एका कार्यक्रमात ती हसून म्हणाली, "झाली का पूजा?"

मला हसता आलं नाही. पिनचं तिला अजून सांगितलेलं नाही.