एक्केचाळीस नंबरचा चेलो

धाकटे मिस्त्री एकोणसत्तर वर्षांचे झाले होते, तरी गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना धाकटेच म्हणत. कारण थोरले मिस्त्री होऊन गेले होते. थोरल्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली, दुकानाची पाटी दोनदा रंगवून झाली, पण जागा रिकामी झाली म्हणून धाकट्यांना कुणी बढती दिली नाही. त्यांनीही ती कधी मागितली नाही.

दुकान चेलोचं होतं. चेलो म्हणजे व्हायोलिनचा अंगापिंडाने भरलेला थोरला भाऊ. खांद्यावर मावत नाही, म्हणून खुर्चीत बसून दोन गुडघ्यांत धरायचा आणि वाजवायचा. बाहेरच्या खोलीत असे आठ-दहा चेलो मानेला अडकवून टांगलेले असत. त्यातले काही दीड-दोनशे वर्षांचे, काही परवाचे. आतल्या खोलीत खिडकीखाली बाक, त्यावर पटाश्या, लहानमोठे रंधे, शिकंजे, आणि कोपऱ्यात सरस तापवायची पितळी डबी.

प्रत्येक चेलोच्या पोटात बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यातल्या निम्म्या धडधडीत खोट्या. "चिठ्ठी वाचायची ती सगळ्यात शेवटी," असं धाकटे गिऱ्हाइकांना सांगत. शेजारच्या दाताच्या डॉक्टरने दिलेला छोटा आरसा चेलोच्या भोकातून आत घालायचा, बारीक दिवा सोडायचा आणि पटाशीच्या खुणा बघायच्या, ही त्यांची पद्धत. मग ते पुटपुटत, "हा माणूस घाईतला." नाहीतर, "याला बायकोची हाक ऐकू आली आणि हा अर्धवट सोडून जेवायला गेला." लोक हसत, पण लांबलांबून वाद्यं घेऊन येत. दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचा हात धाकटे ओळखत, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

एका मंगळवारी सकाळी बेबीताई आली. ही थोरल्यांची मुलगी, वय वर्षं छप्पन्न, हॉस्पिटलात हाडांचे फोटो काढायची. पाठीवर चेलोची पेटी आणि हातात एक पाकीट.

"काका, हा कुरकुरतोय. वाजवला की आत कुणीतरी दात खातंय असं वाटतं."

"आतला दांडा सुटला असेल. उघडावा लागेल."

"उघडा की. त्याशिवाय तुमचं समाधान कुठे होतंय! आणि हे वाचा."

पाकिटात संगीत विद्यालयाचं पत्र होतं. थोरल्यांच्या वाद्यांसाठी एक खोली करत होते. त्यांचा पहिला चेलो मिळाला होता, आता शेवटचा, एक्केचाळीस नंबरचा, हवा होता. मात्र तो संपूर्ण थोरल्यांच्या हातचा आहे असं जाणकाराने लिहून द्यायला हवं होतं. मुदत शुक्रवारपर्यंत.

"जाणकार म्हणजे तुम्हीच. दोन ओळी खरडून द्या."

"चिठ्ठी आहेच की आत, त्यांच्या हातची."

"चिठ्ठी वाचायची ती सगळ्यात शेवटी," बेबीताईने त्यांचाच आवाज काढला, आणि ते हसले.

पातळ बोथट सुरी वरच्या फळीच्या कडेत सरकवत ते हळूहळू पुढे गेले. जुना सरस कट्-कट् करत सुटत होता. फळी मोकळी झाली. त्यांनी ती बाकावर उलटी ठेवली आणि चेलोचं पोट उजेडात आलं.

बेबीताईने वाकून पाठीच्या फळीवरून आतल्या बाजूने बोट फिरवलं. पटाशीच्या खुणा सगळ्या डावीकडून उतरत आलेल्या होत्या. थोरले डावखुरे होते आणि ती लहानपणापासून या खुणा ओळखत होती. "हा बघा बाबांचा हात," ती म्हणाली. "यानंतर आत कुणाचाच हात गेला नाही."

धाकट्यांची नजर पाठीच्या खालच्या अंगाला गेली होती. तिथे अंगठ्याच्या नखाएवढं एक लाकडी ठिगळ होतं. त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

"शुक्रवारी ये," ते म्हणाले. "सरस लावायच्या आधी ये म्हणजे झालं."

ती गेल्यावर ते स्टुलावर बसून राहिले.

धाकटे या दुकानात आले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. आधी खुर्च्यांच्या कारखान्यात पाय तासायचे. दुकानातला बाक डावखुऱ्या माणसासाठी केलेला. अडसर त्या बाजूला, उजेड त्या बाजूला, सुऱ्यांची धारसुद्धा त्या बाजूची. धाकट्यांना वाटलं, चेलोचं काम असंच करतात. ते थोरल्यांच्या शेजारी उभे राहिले आणि मुकाट्याने डाव्या हाताने कोरू लागले. तीन महिने थोरल्यांच्या लक्षातच आलं नाही. एकदा धाकटे कागदावर माप लिहीत होते, तेव्हा ते ओरडले, "अरे गाढवा, तू उजवा आहेस!" मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पण तोवर हात बसला होता. लिहायचं, जेवायचं, दाढी करायची उजव्याने आणि कोरायचं डाव्याने, हे धाकट्यांचं तेव्हापासूनचं.

शेवटच्या वर्षी थोरल्यांचा डावा हात थरथरू लागला. तेव्हा त्यांनी दोन चेलो एकदम काढले. मेपलच्या लाकडाची एकच फळी चिरून दोघांच्या पाठी केल्या. "एक मी करतो, एक तू कर. बघू कोण आधी रडतं," ते म्हणाले होते. झाल्यावर दोघांनाही त्यांनी एकाच दिवशी स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. चाळीस आणि एक्केचाळीस, पण कुठला नंबर कुणाच्या चेलोला, ते धाकट्यांनी पाहिलं नाही. "पुढच्यावर तुझं नाव," असं म्हणाले, पण पुढचा झाला नाही. थोरले गेले, दुरुस्तीची कामं साचली, आणि धाकट्यांनी आयुष्यात अख्खा चेलो केला तो तेवढाच. एक वादक चाळीस नंबरचा घेऊन परदेशी गेला. एक्केचाळीस घरी राहिला. घरी ठेवला तो थोरल्यांनी स्वतः केलेलाच असणार, असं धाकट्यांनी धरून चाललं होतं. आपला कुठेतरी दूर वाजतोय, या कल्पनेवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.

आणि आता हे ठिगळ. कोरता कोरता एका पाठीला आरपार भोक पडलं होतं, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. कुणाच्या पाठीला, तेच आठवेना.

घरी जेवताना त्यांनी बायकोला विचारलं. ती वाद्यांच्या गवसण्या शिवायची आणि स्वतःचा टाका शंभर टाक्यांत ओळखायची.

"अगं, ते भोक पडलेलं, आठवतंय तुला?"

"न आठवायला काय झालं? त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलात."

"मी काय म्हणालो होतो?"

"'भोक पडलं,' म्हणालात."

"पडलं की पाडलं?"

"पडलं."

"'माझ्या हातून' असं म्हणालो का?"

"अहो, भोक पडलं म्हणालात. कुणी पाडलं ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तोंड बघून विचारायची सोय होती का?"

धाकट्यांनी घास ताटातच ठेवला. स्वतःच्या हातून पडलं असतं तरी ते असंच म्हणाले असते, लाजेने. थोरल्यांच्या हातून पडलं असतं तरी असंच म्हणाले असते, त्यांची लाज राखायला. आणि भिंतीकडे तोंड दोन्ही वेळा केलं असतं.

"पण घरी का ठेवला मग त्यांनी हा?"

"ठिगळाचा गिऱ्हाइकाला कोण देईल? चांगला विकला, फुटका ठेवला. तुम्हाला वाटतं तसं सगळ्याच्या मागे काहीतरी असतं असं नाही. जेवा."

बुधवारी त्यांनी मेपलचा तुकडा बाकाला लावला, डाव्या हातात गोल पटाशी धरली आणि बोटभर खळगा कोरला. तो पाठीशेजारी धरून भिंगातून पाहिला. अगदी तसाच. पण थोरल्यांनीच शिकवलेला हात थोरल्यांसारखा दिसणार नाही तर काय होणार! ठिगळाच्या आसपास खुणा जरा डळमळल्या होत्या. म्हणजे थरथरणारा हात, म्हणजे थोरले. मग त्यांना आठवलं, त्या दिवसांत थोरले मनगटाला कातडी पट्टा बांधून बसत आणि पट्टा बांधला की हात स्थिर असे. थरथरायचे ते धाकटे, भीतीने. मागे स्टुलावरून थोरले बघत असायचे ना.

गुरुवारी चहाच्या आधी चेलो थोरल्यांचा होता, चहानंतर तो धाकट्यांचा झाला. एक गिऱ्हाईक आपला जुना चेलो दाखवायला आलं, तर धाकटे म्हणाले, "आज मला काही विचारू नका. आज मला माझा अंगठासुद्धा ओळखू येत नाहीये." डोक्याचा पार भुगा झाला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काय हवंय हे त्यांना कळून चुकलं होतं. तो चेलो त्यांना स्वतःचा हवा होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असं असतं, तर अशा माणसाच्या मताला त्यांनी कवडीची किंमत दिली नसती.

शुक्रवारी सकाळी दांडा बसवून झाला होता, सरस तापत होता आणि पत्र लिहून तयार होतं. बेबीताईने ते उभ्यानेच वाचलं. 'हा चेलो थोरल्यांच्या दुकानात, त्यांच्या बाकावर, त्यांच्या नजरेखाली झाला. पटाशी कुणाच्या हातात होती हे मला सांगता येत नाही.'

"हे काय लिहिलंय काका?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. ठिगळ दाखवलं. कोरलेला तुकडा दाखवला. ती दोन्हीकडे आलटून पालटून बघत राहिली.

"फोटो धूसर आला तर आम्ही पेशंटला परत बोलावतो," ती म्हणाली. "तुम्ही मला धूसर फोटोच हातात देताय."

"परत कुणाला बोलावू?"

तिने कोरलेला तुकडा बाकावर ठेवला. मग म्हणाली, "बरं, तुम्हाला आतून काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस."

"का?"

"मला तो माझा हवाय गं."

बेबीताईने हातातली पिशवी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत धाकटे काकांना काही हवंय असं तिने त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"कधी बोलला नाहीत ते."

"बोलण्यासारखं नव्हतं. माझा दूर होता ना, सुखात होता."

"आणि मी रोज याच्यावरची धूळ पुसत होते, बाबांचा म्हणून." तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. "हे पत्र दिलं तर ते घेणार नाहीत."

"बहुतेक नाही घेणार. तू म्हणत असशील तर दुसरं लिहितो. 'संपूर्ण थोरल्यांचा.' चिठ्ठी तर सांगतेच आहे."

बेबीताई खिडकीपाशी गेली, बाहेर बघून आली. "नको," ती म्हणाली. "त्या खोलीत रोज माणसं येणार, बघणार. तुम्ही कधीतरी येऊन त्याच्यासमोर उभे राहणार, आणि तुमचं हे असं तोंड होणार. माझ्याच्याने नाही बघवणार." तिने पत्राची घडी घालून पर्समध्ये टाकली. "हेच देते. घेतला तर घेतला, नाहीतर आहेच माझ्या घरी. लावा सरस, गार होईल. आणि आत काही लिहायचं असेल तर लिहून टाका. पुढे कधी उघडेल कोण जाणे."

धाकट्यांनी पेन्सिल घेतली. चिठ्ठीखाली नाव लिहायला वाकले आणि तिथेच थांबले. मग पेन्सिल खाली सरकली. ठिगळ फार नेटकं होतं; पट्टा बांधून थोरल्यांना कोरता येई, पण एवढं बारीक काम तेव्हा त्यांच्याने होत नसे. त्याच्या शेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'हे ठिगळ धाकट्याचं.'

"एवढंच?" बेबीताई म्हणाली.

"एवढंच नक्की आहे. धर ती बाजू, घट्ट धर."

दोघांनी मिळून फळी बसवली आणि कडेने शिकंजे आवळत गेले.

दुपारी जेवताना त्यांनी बायकोला हे सगळं सांगितलं. ती पाणी ओतता ओतता थांबली.

"ठिगळ तुमचंच ना पण? थोरल्यांचा उजवा हात तर चांगला होता, त्यांनी त्या हाताने..."

"आता तू सुरू होऊ नकोस हं," धाकटे म्हणाले.