शाळेतून न आलेली पोरगी

“तेल लावून आलेल्या बायाईले माघारी पाठवसान तं मॅडम, इथं तुमाले एकही डोकं भेटनार नाही.”

रत्नमाला रामटेके हे बोलली तेव्हा तिला कामावर ठेवायचं की नाही, हेसुद्धा अजून ठरायचं होतं. शहापूरला हायवेच्या कडेला, एका दुकानावरची खोली मेंदूच्या संशोधनासाठी भाड्याने घेतली होती. निरनिराळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांनी मिळून एक जाळं उभं केलं आहे. आवाज ऐकताना म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत विजेच्या बारीक लाटा उठतात. त्या ठिकठिकाणी टिपायच्या, आकडे एकत्र करायचे आणि ओळखीचा आवाज मेंदू कसा ओळखतो याचं गणित संगणकावर मांडायचं, असं हे काम. गावात त्याला भेज्याचं ऑफिस म्हणतात.

लाटा टिपायला डोक्यावर तारांची टोपी चढवतात. केसांना तेल असलं की लाट नीट उमटत नाही. म्हणून पुण्याहून आलेल्या डॉक्टर मॅडमनी निरोप दिला होता, केस धुऊन, तेल न लावता या. एकही बाई आली नाही. भुरभुरत्या केसांनी बाई रस्त्याने निघाली की लोक विचारतात, घरचं कोण गेलं?

रत्नमालाचं पूर्वी गावातच पार्लर होतं. तिने खोलीमागच्या मोरीत बादली, मग आणि शाम्पूच्या पुड्या ठेवल्या. बाया घरून चोपडून तेल लावून यायच्या. ती डोकं धुवायची, वाळवायची, टोपी चढवायची आणि जाताना पुन्हा तेल घालून वेणी बांधून द्यायची. मॅडमच्या नियमांत हे कुठेच नव्हतं. मॅडमनी ते नियमांत बसवून घेतलं.

“करंट तं नाही लागत ना वं?” टोपी चढताना सुशीलाबाईंनी विचारलं.

“आमी देत नाही काकू, तुमचाच घेतो.”

“घे माय, घे. घरचं लाइट बिल तरी कमी येईन.”

किराणावाल्या गोपीचंदभाऊंच्या टकलावर तर लाटा इतक्या स्वच्छ उमटल्या की मॅडमनी टाळीच वाजवली. “इतके वर्स बायको नावं ठेवत होती,” ते म्हणाले, “आज कोनी तारीफ केली.”

रत्नमालाचे हात डोक्यावर असले की माणसं शांत होत. काही झोपी जात. मग ती कानाशी वाकून म्हणे, “झोपू नका जी, भेज्याले ऐकू द्या.”

तिचे वडील तेजराम कधीकाळी सायकलने वरठीच्या कारखान्यात जात. आता त्यांच्यातून एकेक गोष्ट हलके उठून जात होती, जशी लग्नाच्या मांडवातून माणसं न सांगता उठून जातात. नातेवाइकांची नावं गेली, मग घराची वाट गेली. कोणी जयभीम घातला तर हात जोडायचे, पण समोर कोण आहे ते कळत नव्हतं. लेकीला ते ‘बाई’ म्हणू लागले होते.

मॅडमना ते फार आवडलं. “किती मानाने हाक मारतात तुम्हांला!”

रत्नमाला हसली. “मान कायचा मॅडम. आमच्याकडं मोठ्या बहिनीले बाई म्हनतेत. बाबा मले बायजाबाई समजून राहिले.”

बायजाबाई म्हणजे तेजरामांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच भावाला वाढवलं. तिला जाऊनही बरीच वर्षं झाली. रत्नमाला दिसायला तिच्यासारखी, चालायलाही.

बाई होऊन राहायला रत्नमालाची ना नव्हती. ती बायजाबाईसारखी रागवायची, बायजाबाईसारखा भात कालवून द्यायची. पण आपण त्या डोक्यात कुठे आहोत की नाहीच, हे तिला एकदा कळायला हवं होतं. म्हणून तिने वडिलांचं नाव प्रयोगात घातलं. या प्रयोगात परक्यांच्या आवाजांमध्ये घरच्या माणसाचा एक आवाज ऐकवतात. तिने आपला आवाज भरला, “बाबा, मी आली.”

त्या दुपारी तेजराम टोपी घालून गुमान बसले. परके आवाज झाले, तिचा झाला, पुन्हा परके झाले. पडद्यावर रेघा थरथरत होत्या. वडिलांकडे न बघता रत्नमाला रेघांकडे बघत होती.

“काय म्हनते मॅडम, लाट?”

मॅडमनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “एका माणसाच्या लाटेवरून सांगता येत नाही, रत्नमालाताई. पुष्कळ माणसांच्या लाटा एकावर एक ठेवल्या, की मग काहीतरी दिसतं.”

“म्हंजे सगळ्याईचं समजते, एकाचं नाही.”

“हो. आणि आवाज ओळखीचा वाटला, एवढंच दिसेल. कोणाचा म्हणून वाटला, ते लाट सांगत नाही.”

“मंग तं बाबाइतकंच कळते तुमच्या लाटेले,” रत्नमाला म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत. तिनेही हसण्याची वाट पाहिली नाही.

टोपीखालचा चिकट लेप केसांना लागला होता. तिने वडिलांना मोरीत स्टुलावर बसवलं, मान खाली करायला लावली आणि कोमट पाणी ओतलं. ते डोळे मिटून बसले होते, लहान मुलासारखे. मॅडम दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या.

“बाई,” तेजराम म्हणाले.

“हं.”

“पोरगी नाही आली वं शाळेतून.”

रत्नमालाचे हात केसांत थांबले. “कोनती पोरगी?”

“माही. रत्ना. सांज होऊन राहिली. कुत्र्याईले भेते ते. दिवसभर तिचाच घोर लागून राहते मले.” त्यांनी मान वर करायचा प्रयत्न केला, फेस भुवईवर ओघळला. “तू जाय ना, घेऊन ये तिले. मी गेलो असतो, पन माह्या डोक्याले साबन लागला आहे.”

तिने फेस पुसला. उरलेलं पाणी सावकाश, डोळ्यांत जाऊ न देता ओतलं. मॅडमच्या हातचा टॉवेल घेऊन वडिलांचं डोकं पुसलं आणि तोच त्यांच्या खांद्यावर ठेवला. ते तिच्याकडे बघत होते, जायला उशीर का करतेस अशा नजरेने.

रत्नमालाने ओले हात ओढणीला पुसले, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून रस्त्यावर गेली.