मीच कापलेलं डफडं

आमच्या गावाहून हिवरखेडच्या स्टँडपर्यंत दोन कोस. तेवढं आम्ही तिघी चालत आलो, माय, मी आणि माझी धाकटी बहीण शेवी. एकोणसाठचा जून होता. माझ्या डोक्यावर पत्र्याची पेटी, मायच्या हातात भाकरी बांधलेलं फडकं आणि मधोमध सात वर्षांची शेवी. तिच्या मनगटांवर दोरीचे वळ होते. ते कोणाला दिसू नयेत म्हणून मायनं तिला माझं लांब बाह्यांचं जुनं पोलकं घातलं होतं. अकोल्याची एस.टी. आली, ड्रायव्हरनं भोंगा दाबला आणि शेवी कान धरून धुळीत आडवी पडली. अशी ओरडली की पानठेल्यावरची माणसं उठून बघायला आली. कंडक्टर म्हणाला, "येडीले घरी बांधून ठेवा ना बाई, गाडीत काहून आणता?" तुमच्यापैकी चार-सहा जण तिथं होते, बाजाराला निघालेले. सगळे आपल्याच वस्तीतले. एकानंही हात लावला नाही. मी आणि मायनंच तिला उचलून आत घातलं. "तिले जप व बाई," माय खिडकीशी येऊन म्हणाली, "तिले भूक लागली तरी सांगता येत नाई." बा आलाच नव्हता.

याला आठ वर्षं झाली. इतकी वर्षं मी तुम्हा वस्तीतल्या मंडळींना पत्रात 'इकडील सर्व क्षेम' असं लिहीत आले. आता नाही लिहिणार. मी ट्रेनिंग केलेली मास्तरीण आहे, पुस्तकी भाषा मला येते. पण डोकं तापलं की तोंडात आपलीच बोली येते, तेव्हा वाचताना सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

शेवी लहानपणापासून कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही. हाक मारली तर वळायची नाही. जवळ घेतलं की अंग ताठ करायची. ज्वारीचे दाणे एकामागे एक लावत तासन् तास बसायची आणि त्यातला एक दाणा कोणी हलवला की घर डोक्यावर घ्यायची. माय म्हणायची, "पोट्टी घरात हाये, पण घरात नाई." तुम्ही कोणी बाहेरचं लागलं म्हणालात, कोणी मायच्या पोटाला दोष दिलात. एवढी अक्कल पाजळलीत, पण तिच्याशेजारी दोन घटका बसून बघावं असं एकालाही वाटलं नाही.

बसला तो बा. बा डफडं वाजवायचा हे तुम्हाला मी काय सांगू. गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत, प्रत्येक पोळा त्याच्या डफड्यावर चालायचा, आणि तो मांडवाबाहेर उभा. सगळ्यांच्या पंगती उठल्या की त्याच्या पदरात शिळंपाकं पडायचं. शेवी तीन वर्षांची असेल, एका दुपारी बा तुराट्यांच्या जाळावर डफडं तापवत होता. चामडं ताणलं का ते बघायला त्यानं दोन थापा मारल्या. शेवी दाणे सोडून उठली, त्याच्यापुढं येऊन बसली आणि तिनं तळव्यानं दोन थापा मारल्या. मग हात मागे घेतला आणि बाच्या तोंडाकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं माणसाचं तोंड पाहिलं होतं. बानं तीन मारल्या, तिनं तीन मारल्या. मी तिथंच होते, तेव्हा मला ती गंमत वाटली.

मग ते रोजचंच झालं. बा वाजवायचा, थांबायचा. ती वाजवायची, थांबायची. बा मुद्दाम चुकला की ती खुदकन हसायची. हळूहळू ती बाचा हात धरून त्याला डफड्याकडे ओढायला लागली. काहीतरी मागायचं असतं, आणि ते माणसाकडे मागायचं असतं, हे त्या पोरीला तिथं कळलं. मायनं डफड्यावर दोन थापा मारल्या की ती जेवायला यायची. आमच्या घरातलं तिचं सगळं बोलणं त्या चामड्यावर चालायचं.

छप्पन्न साली आपण धर्म घेतला. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, गावकीचं डफडं वाजवायचं नाही, असं वस्तीनं ठरवलं. त्यात पहिला हात बानं वर केला होता. त्याचा मला आजही अभिमान आहे, हे ठळक वाचा, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल की मास्तरीण शहरात जाऊन उलटली. बानं बाहेर वाजवणं एका दिवसात सोडलं. डफडं मात्र आतल्या खोलीत ठेवलं, शेवीसाठी. दार लावून, बोटांनी, हळू वाजवायचा.

पुढच्या वर्षी पोळ्याला पाटलाचा माणूस दारात आला. "घरात वाजवतं ना बे? मंग पोळ्यातच हात काहून झडले तुहे?" बानं त्याला नाही म्हणून वाटेला लावलं. पण तेवढ्यानं वस्तीत कुजबुज सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या अंगणात जमलात. तुझ्यापायी सगळ्यांची मान खाली जाते, म्हणालात. बा एवढंच म्हणाला, "पोरीसाठी वाजवतो." तुम्ही हसलात. मी हसले नाही, मी त्याहून वाईट केलं. सोळा वर्षांची होते, अकोल्याच्या बोर्डिंगात शिकत होते, भाषणं करत होते. आत गेले, विळा घेतला, डफडं अंगणात आणलं आणि सगळ्यांसमोर त्याचं चामडं उभं-आडवं कापलं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, शिकलेली पोरगी अशी पाहिजे. बा माझ्याकडे बघून म्हणाला, "तुह्यं बरोबर हाये, पोरी." आणि गोठ्याकडे निघून गेला.

सकाळी शेवीनं ते नुसतं कडं शोधून आणलं आणि बाच्या पुढ्यात ठेवलं. मधल्या पोकळीत तिनं दोन थापा मारल्या. हात खालच्या जमिनीला लागला, आवाज आला नाही. तिनं बाच्या तोंडाकडे पाहिलं. बानं तोंड फिरवलं. तिनं पुन्हा मारल्या. किती वेळा ते मी मोजलं नाही, मी अकोल्याच्या गाडीला निघाले होते.

मला राग कोणाचा येतो ते नीट सांगते. पहिला पाटलाचा. एका वाद्याला त्यानं आणि त्याच्या बापजाद्यांनी असं जोखड करून ठेवलं की माझ्या बापाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीसाठी ते वाजवायची चोरी झाली. दुसरा तुमचा. मान वर करायला मिळाली, आणि आपण ती वर करून पहिल्यांदा काय पाहिलं, तर शेजाऱ्याच्या बंद दारामागं काय चाललंय ते. तिसरा माझा. तो सगळ्यात मोठा आहे आणि तो कमी होत नाही. बाला मी विचारलं नाही, मायला विचारलं नाही. ज्या पोरीचं तोंड मी बंद केलं तिच्याकडे तर मी वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं शेवी जेवायच्या हाकेला आली नाही. स्वतःचं मनगट चावायची, विहिरीकडे पळायची. माय-बाला मजुरीला जायचं असायचं, म्हणून तिला बाजेच्या पायाला बांधून ठेवायचे. मॅट्रिक होऊन मी घरी आले तेव्हा ती बांधलेलीच होती, आणि तुमची पोरं दारातून तिला खडे मारून बघत होती. त्या रात्री मी जेवले नाही. माझं नाव अमरावतीला ट्रेनिंगला लागलं होतं. मी म्हटलं, शेवी माझ्याबरोबर येईल.

बडनेऱ्याला मावशीकडे राहिलो. मावशीचा नवरा रेल्वेत गँगमन, क्वार्टर रुळांना लागून. मी रोज अमरावतीला जाऊन संध्याकाळी परत यायचे. आल्या आल्या पत्र्याची पेटी शेवीपुढं ठेवायचे आणि दोन थापा मारायचे. मार ना, वाजव ना, म्हणून तिच्या मागे लागायचे. ती पाठ फिरवायची. तीन महिने असे गेले. माझ्या हाताला सूज आली, पण डोक्यात उजेड काही पडला नाही.

एका रविवारी मावशी खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. शेवी कोपऱ्यात पेटीला टेकून बसली होती. मावशीचा बत्ता खाली आला की मधल्या वेळात शेवीचा हात पेटीवर पडत होता. मावशीला ठसका लागला, ती थांबली. शेवी पण थांबली, आणि तिनं मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मावशी डोळे पुसत म्हणाली, "हे काय व, ही तं मले जबाब देऊन रायली." मी उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. त्या दिवसापासून मी तिला हुकूम सोडणं बंद केलं. ती आधी काय वाजवते ते ऐकायचं, तसंच आपण वाजवायचं, मग गप्प बसून वाट बघायची. बा हेच करत होता. बाला ते कोणी शिकवलं नव्हतं आणि मला दोन वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नाही.

एकसष्टला अमरावतीत एका शाळेत नोकरी लागली, खोली घेतली. शेवीला एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं तिच्याकडे न बघताच सांगितलं, बुद्धी नाही, घरी ठेवा, खायला घाला. शाळेतल्या मोठ्या बाईंनी नाक मुरडलं, तरी मी तिला पहिलीच्या वर्गात कोपऱ्यात बसवलं. रॉकेलचा रिकामा डबा आणला आणि हजेरी डब्यावर घ्यायला लागले. प्रत्येक पोराची आपली वेगळी थाप. मी एकाची थाप वाजवली की त्यानं येऊन ती वाजवायची, आणि मग दुसऱ्या कोणाची तरी वाजवून त्याला बोलवायचं. पोरांना खेळ झाला. शेवीला पहिले सहा महिने तिची थाप ऐकून नुसतं उठता आलं. मग डब्यापर्यंत येता आलं. मग एक दिवस तिनं आपली थाप वाजवून झाल्यावर शेजारच्या मुलीची वाजवली आणि तिच्याकडे बघत थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसऱ्या पोराला बोलावलं होतं. दहा वर्षांची असताना कोणीतरी मध्ये घुसलं तेव्हा ती चिडून बोलली, "माहा नंबर." तिच्या तोंडचे ते पहिले दोन शब्द. मी वर्गाला त्या दिवशी सुट्टी दिली आणि मोठ्या बाईंची बोलणी खाल्ली.

आता माझ्या खोलीवर दुपारी अशी आणखी तीन पोरं येतात. एक शिंप्याचा मुलगा, एक कोष्ट्याची मुलगी, आणि एका वकिलाची नात. वकिलीणबाई नातीला घेऊन मागच्या बोळातून येतात, पदर तोंडावर ओढून. पाणी पीत नाहीत. पण नात "आजी" म्हणाली तेव्हा माझ्या जमिनीवर बसून रडल्या. या पोरांना काय झालंय, त्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. मी शिकवते ते संगीत आहे की औषध, तेही ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की जबाब मिळाला की माणूस परत विचारतो, आणि जबाब मिळाला नाही की तो मनगट चावतो.

गेल्या आठवड्यात तुमचं पत्र आलं. वस्तीत विहार बांधून झालं, उद्घाटन आहे. वस्तीतली पहिली मास्तरीण म्हणून माझा सत्कार ठेवलाय, जाण्यायेण्याचा खर्च मंडळ देईल. वाचताना ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग शेवटची ओळ वाचली. 'शेवंतास आणू नये, पाहुण्यांसमोर गोंधळ होईल, तिची सोय शेजारी करावी.' खाली नऊ सह्या आणि एक अंगठा. अंगठा बाचा.

दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे कोणी कोणाला शिकवायचं? आपल्या आज्यापणज्यांनी जन्मभर तेच केलं. देवळाच्या बाहेर, विहिरीच्या बाहेर, मांडवाच्या बाहेर. आता आपण आपलं दार बांधलं, आणि ते उघडायच्या आधीच आपल्याच एका पोरीला लेखी कळवलं की तू बाहेर. पाटील हे करायचा तेव्हा निदान कागदावर लिहून देत नव्हता.

मी येणार नाही. हार कोणाच्या तरी गळ्यात घाला. गावची ओढ गेली असं नाही. अजून तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास आला की मायचं चुलीपुढचं तोंड दिसतं. पण घर म्हटलं की आता मला ही दहा फुटांची खोली दिसते, गळकी, मागं बोळ असलेली, जिथं शेवीला कोणाच्या शेजारी सोय करून ठेवावं लागत नाही.

बा, एवढं तुला वेगळं. हे पत्र तुला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, म्हणजे ते सगळ्यांना कळेल. कळू दे. डफडं मी कापलं आणि तू मला बरोबर म्हणालास. तेव्हा तू चुकलास, मीही चुकले. आता अंगठा तू दिलास आणि मी तुला बरोबर म्हणणार नाही. तुला यायचं असेल तर ये. बडनेऱ्याला उतर, तिथून अमरावतीची गाडी मिळते. शेवी आता पंधराची आहे. आमच्याकडे कोणीही आलं तरी दार तीच उघडते.