घेवड्याचं गणित आणि चुलत्यांचा ऊस

मी सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शेतीचं अर्थशास्त्र शिकवते. कुठलं पीक धरावं, कुठलं सोडावं, हे फळ्यावर मांडताना माझा हात कधी अडखळत नाही. आमच्या स्वतःच्या कोरेगावजवळच्या सव्वा एकरात मात्र मी सपशेल तोंडावर आपटले.

वडील गेल्यापासून आई तिथं एकटी ऊस सांभाळते. ऊस म्हणजे वर्षभराचं दावं. पाण्याची पाळी चुकेल म्हणून ती माझ्याकडं दोन दिवससुद्धा टिकत नाही. त्यात मानेचा मणका सरकलेला, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. मला तिला सांगलीला आणायचं होतं. मग मी खर्च, उतारा, घरची मजुरी असं सगळं मांडलं आणि ठरवून टाकलं, ऊस मोडायचा आणि घेवडा करायचा. अडीच-तीन महिन्यांत पीक घरात, दसऱ्याला आई माझ्याकडं.

घरची मजुरी वाचून आई हसली. "माझ्या कामाला कोण मजुरी दितंय गं? बरं, तू म्हणतीस तर करू."

घेवडा झकास आला. मळणी झाली, पोती भरली, मी टेम्पो सांगितला. टेम्पो डांबरी रस्त्यावर येऊन थांबला आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रस्ता आणि आमचं रान यांच्यामध्ये चुलत्यांचा ऊस उभा होता, दोन पुरुष उंच.

आमच्या रानाला वाट नाही. रस्त्याकडचा ऊस आधी तुटतो, मग त्या मोकळ्या रानातून मागच्यांच्या गाड्या निघतात. सगळेच ऊस लावतात, म्हणून वाटेविषयी कधी कुणी बोलत नाही. मीही बोलले नाही. माझ्या कागदावर खुरपणीचे तास होते, पण रानातून बाहेर कसं पडायचं ते नव्हतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

चुलते बांधावर आले. त्यांचं तरी काय चुकलं? "वैनी, ऊस तुटंपतूर गाडी कुठनं घालायची? बांधावरनंच काढा आता."

आभाळ भरून आलेलं, माणूस मिळेना. एवढ्याशा बांधावरून, उसाची पानं तोंडावर ओढत, मी अर्धं-अर्धं पोतं नेत होते. तिसऱ्या खेपेला परतताना समोरून आई आली. तिच्या डोक्यावर पोतं होतं.

"तुला ठाऊक होतं ना, वाट नाही ते?" मी ओरडलेच.

"व्हय. मला वाटलं, तू एवढी शिकलीयास, तू हिशेबात धरलं असशील."

दसऱ्याला ती आली खरी, पण गळ्याला पट्टा घालून. चार दिवस राहिली आणि उसाच्या लागणीसाठी परत गेली. मीही मागोमाग गेले. सरीत तिच्या शेजारी बसून म्हटलं, "पुढच्या खेपेला परत घेवडा करू. वाटेचं आधी बोलून घेऊ."

तिनं मान न वळवता हात पुढं केला. पट्ट्यामुळं मान वळतच नव्हती.

"नगं. समद्यांचा ऊस निघंल तवा आपला निघंल. एकटीनं बाहीर पडायला वाट न्हाई, बाई."

मी तिच्या हातात उसाची पुढची कांडी दिली.