उन्नतीची दिशा

माधवरावांना वाटायचं, साऱ्या नारपोलीत बुद्धी काय ती आपल्याकडेच आहे. त्यांच्या बायकोला, सरोजिनीला, ती घरात फारशी भेटली नव्हती.

माधवराव एका पॉवरलूम कारखान्याच्या ऑफिसात कारकून होते. हेडक्लार्क निवृत्त होणार होते, आणि त्या जागेबरोबर कारखान्यामागच्या दोन खोल्या मिळत, स्वतंत्र नळासकट. त्या नळासाठी सरोजिनी काहीही करायला तयार होती, अगदी नवऱ्याचं कौतुकसुद्धा. चाळीच्या नळावर तिची निम्मी सकाळ जायची. जागेवर डोळा असलेला दुसरा कारकून म्हणजे सावळाराम, अंबाडीकडच्या खेड्यातला. त्याची बायको काशी याच नळावर यायची. तिच्याशी सरोजिनी 'जरा सरक' याखेरीज काही बोलत नसे.

नाताळात शेजारच्या रत्नमाला सिस्टरनी करंज्यांच्या ताटलीबरोबर एक कार्ड दिलं. त्यावर बायबलातलं वचन होतं. उन्नती पूर्वेकडून येत नाही, पश्चिमेकडून नाही, दक्षिणेकडूनही नाही; न्याय देवाच्या हाती, तो एकाला उतरवतो, दुसऱ्याला चढवतो. माधवराव जेवताना पूर्वेला तोंड करणाऱ्या, उत्तरेला डोकं करून कधी न झोपणाऱ्या घराण्यातले. दिशा त्यांना कोण शिकवणार?

"तीन बाद झाल्या," ते म्हणाले. "म्हणजे येणार ती उत्तरेकडून."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑफिसातलं आपलं टेबल उत्तरेला फिरवलं. शेटजींची केबिन दक्षिणेला. शेटजी बाहेर आले की बाकीचे उठून उभे राहत आणि माधवराव भिंतीकडे बघत उन्नतीची वाट पाहत बसत. शेटजींनी हा काय प्रकार म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी मानही न वळवता, दिशेचं कारण आहे, असं सांगितलं. शेटजी समजायचं ते समजले. हेडक्लार्क सावळाराम झाला.

सरोजिनी कार्ड घेऊन सिस्टरांकडे गेली, ती भांडायलाच. सिस्टर पोळ्या लाटत होत्या.

"अहो, कुठल्याच दिशेकडे डोळे लावू नका, असं म्हटलंय ते," त्या म्हणाल्या. "मोठं करणारा देव. आपल्या हातात नाही ते. त्याच्या आधीची ओळ तर, ताठ मानेने बोलू नका, अशी आहे."

मग तीच का नाही छापली, असं सरोजिनीच्या ओठांवर आलं होतं. पण छापली असती तरी ह्यांनी ती सावळारामसाठीच आहे असं धरलं असतं.

घरी तिने अर्थ सांगितला. माधवराव खुलले. चढवलेल्याला देव उतरवतोही, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. आता सावळाराम कधी खाली येतो ते पाहायचं.

"तो उतरला तरी तुम्हाला चढवतील, असं कुठे लिहिलंय?" सरोजिनी म्हणाली. चाळीच्या नळाचं पाणी केव्हाच गेलं होतं. तिने हंडा उचलला आणि कारखान्यामागची वाट धरली.

नव्या नळाखाली काशी भांडी विसळत होती. सरोजिनी दाराशी उभी राहिली. काशीने पाहिलं, पण शेवटची वाटी विसळून होईपर्यंत तिला तसंच उभं ठेवलं.

"काशीबाई," सरोजिनी म्हणाली, "एक हंडा भरून घेऊ?"

"घ्या की वैनी. नल काय माझा हाय? दिलाय, म्हनून हाय. काढून घेतला तर न्हाय."

सरोजिनीने हंडा नळाखाली लावला.